साच्यातली ताकद

(घाटकोपर येथील स्मृतिव्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमाला म्हटली की संतसाहित्य, नाट्यसंगीत, फार तर एखाद्या वर्षी गुंतवणूक. त्यात काचतंतू आणि प्लास्टिकच्या थरांची ताकद हा विषय म्हणजे संयोजकांनी पत्करलेली जोखीमच आहे. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते आयुष्यभर शाळेच्या कार्यशाळेत मुलांच्या हातात कानस देत आले. त्यांना हा विषय परका वाटला नसता.

आपण सरसकट ‘फायबर’ म्हणतो ती ही वस्तू. भटवाडी, असल्फाच्या टेकडीवरच्या घरांत उजेड यावा म्हणून सिमेंटच्या पत्र्यांमध्ये एखादा अर्धपारदर्शक पत्रा घातलेला असतो, तो फायबरचा. देवळातला हलका मखर, बागेतली घसरगुंडी, फॅक्टरीतली अॅसिडची टाकी, सगळे फायबर. रस्त्यावरची बिडाची झाकणे चोरीला जायला लागली तेव्हा त्यांच्या जागी फायबरची झाकणे आली, कारण ती भंगारवाला घेत नाही. एखादी वस्तू विकली जात नाही हा तिचा गुण ठरावा, हे मुंबईतच व्हायचे!

घाटकोपरमध्ये उभे राहून ताकदीबद्दल बोलायचे, तर १३ मे २०२४ ची संध्याकाळ टाळता येणार नाही. छेडानगरच्या पेट्रोल पंपावर जाहिरातीचा तो अवाढव्य फलक कोसळला आणि सतरा माणसे गेली. १२० फूट बाय १२० फूट. परवानगीची मर्यादा होती ४० बाय ४०. तो सांगाडा पोलादाचा होता, फायबरचा नव्हे, आणि तो आडवा झाला तो पायासकट. लोखंड तुटले का, एवढ्या एका प्रश्नावर अशी चौकशी संपत नाही. वारा किती, भार कुठून कुठे जातो, जमिनीत काय आहे, हे सगळे त्या ‘ताकद’ शब्दात येते. पोलादाच्या बाबतीत निदान एक दिलासा असतो. चॅनल आणि अँगल कारखान्यातून तयार होऊन येतात, त्यांच्यासोबत चाचणीचा दाखला येतो. फायबरच्या बाबतीत तोही नाही. दुकानातून येते ते रेझिनचे, म्हणजे पुढे घट्ट होणाऱ्या पातळ प्लास्टिकचे, पिंप आणि काचेच्या मॅटचा रोल. फायबर नावाचा पदार्थ त्या वेळी अस्तित्वातच नसतो. वस्तू आणि पदार्थ दोघेही एकाच वेळी, एकाच साच्यात, कुणाच्या तरी हातून जन्माला येतात. आजच्या भाषणात मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे. बाकीचे त्याचे स्पष्टीकरण.

सुरुवात काचेपासून करू. काच ठिसूळ, हे लहान मुलालाही ठाऊक असते. मग तिच्या भरवशावर नाव कशी तरते? याचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात शोधले, १९२०-२१ च्या सुमाराला. त्याने काच तापवून तिचे बारीक बारीक तंतू ओढले आणि ते तोडून पाहिले. आपण ताकद किलोत मोजू, एका चौरस मिलिमीटरच्या छेदाला किती किलो अशी. जाड काचकांडी सुमारे १७ किलोला तुटली. तंतू जसजसा बारीक होत गेला तसतशी ताकद वाढत गेली आणि सुमारे साडेतीन मायक्रॉन जाडीच्या तंतूने जवळपास ३४५ किलो पेलले. काच तीच, फरक वीसपटीचा. ग्रिफिथने कारण दिले ते आज सगळे मानतात: काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, ताण त्या चिरांच्या टोकाशी गोळा होतो आणि काच तिथून फाटते. बारीक तंतूत मोठी चीर मावतच नाही. साधे पोलाद सुमारे २५ किलोला कायमचे ताणले जाऊ लागते आणि ४१-४२ ला तुटते. त्याच्या शेजारी ३४५ हा आकडा ठेवला की काच खोटी बोलते आहे असे वाटते.

खोटे नाही, पण अर्धे खरे आहे. तंतू एकटा असला तर त्याचा दोर होईल, फळी होणार नाही. दाबला तर तो वाकेल, नुसता हात फिरला तरी त्याच्यावर ओरखडा उठेल आणि ग्रिफिथची चीर परत येईल. म्हणून त्याला रेझिनमध्ये बुडवायचे. पॉलिएस्टर रेझिनची स्वतःची ताकद पाच-सहा किलो, म्हणजे काहीच नाही. त्याचे काम वेगळे. ते तंतूंना जागेवर धरते, ओरखड्यांपासून राखते, आणि एक तंतू तुटला तर त्याचा भार शेजारच्या तंतूंकडे पोचवते. चीर एका तंतूत सुरू झाली तरी रेझिनपाशी अडते आणि तिला दुसऱ्या तंतूत नव्याने सुरुवात करावी लागते. दोन ठिसूळ पदार्थ एकत्र आले आणि चिवट पदार्थ तयार झाला, यामागचे रहस्य एवढेच.

आता दिशा. सगळे तंतू एकाच बाजूला लावले आणि निम्म्याहून अधिक जागा काचेने भरली, तर त्या दिशेने १०० किलोच्या आसपास ताकद मिळते. त्याच तुकड्याला आडवे ओढा, तीन-चार किलोला तो उभा फाटेल. लाकूड कुऱ्हाडीने उभे सहज चिरते आणि आडवे चिरत नाही, तसेच हे. म्हणून विणलेली रोविंग, म्हणजे तंतूंच्या जुड्यांचे कापड, वापरतात, तंतू दोन्ही बाजूंना, ताकद वीस-पंचवीस किलो. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त खपणारी ती तुकड्यातुकड्यांची मॅट. तिच्यात तंतू वाटेल तसे पडलेले, सगळ्या दिशांना सारखेच बळ, पण ते आठ ते अकरा किलो. साकीनाक्याच्या गाळ्यात बनणाऱ्या बहुतेक वस्तू याच वर्गातल्या. काचेची ३४५ ची कीर्ती ऐकून जे गिऱ्हाईक येते, त्याच्या हातात नऊची वस्तू पडते. त्यात फसवणूक नाही. वजनाने काच तीस टक्के, म्हणजे आकारमानाने जेमतेम सतरा टक्के, आणि तीही दाही दिशांना विखुरलेली. हिशेब सरळ आहे, फक्त तो कुणी करत नाही.

प्रयोगशाळेत हे तोडून पाहण्यासारखे असते. पंचवीस सेंटीमीटर लांब, अडीच सेंटीमीटर रुंद, चार मिलिमीटर जाड पट्टी घ्यायची, दोन्ही टोके यंत्राच्या जबड्यात. छेद १०० चौरस मिलिमीटर, म्हणजे मॅटची पट्टी नऊशे किलोच्या आसपास तुटणार. पोलाद अशा वेळी गुपचूप ताणले जाते, मधे बारीक होते आणि मग एकदम तुटते. फायबर बोलते. भार तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला की बारीक कुरकुर ऐकू येते. पट्टी उजेडासमोर निरखली तर आडवे तंतू रेझिनपासून सुटताना दिसतात. पारदर्शक पिवळसर पट्टीत दुधाळ ठिपके उमटतात, मग ते पसरतात. आलेखाची रेघ तिथे किंचित वाकते. पुढे कुरकुर वाढत जाते आणि शेवटी काडकन आवाज होऊन झुपका बाहेर येतो. पट्टी दीड-दोन टक्के लांबलेली असते, बस्स. महत्त्वाचा बिंदू हा शेवटचा नव्हे, पहिल्या कुरकुरीचा. अॅसिडच्या टाकीत ते दुधाळ ठिपके आले तर टाकी उभीच राहील, पण अॅसिडला आत शिरायला वाट मिळालेली असेल. म्हणून टाक्यांसाठीच्या ब्रिटिश मानकात, बीएस ४९९४ मध्ये, ताण ०.२ टक्क्यांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही असे बंधन घातले होते. तुटण्याच्या कितीतरी आधी थांबायचे.

आणि खरे पाहता बहुतेक वस्तूंचा प्रश्न तुटण्याचा नसतोच, वाकण्याचा असतो. पोलादाच्या तुलनेत मॅटचे फायबर सत्तावीसपट कमी ताठ. सत्तावीसपट! तरी घाबरायचे कारण नाही, कारण फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. सत्तावीसचे घनमूळ तीन. म्हणजे पोलादी पत्र्याच्या जागी तिप्पट जाड फायबर घेतले की वाकणे सारखे, आणि वजन पोलादाच्या पंचावन्न टक्के. त्याही पुढची युक्ती अशी की मधला भाग फारसे काम करतच नाही. वाकताना ओढ आणि दाब दोन्ही पृष्ठभागांजवळ असतात. मग मध्ये काहीतरी हलके भरायचे आणि काच फक्त दोन्ही अंगांना ठेवायची. तेवढीच काच दोन थरांत विभागून त्यांच्यामध्ये गाभा भरला आणि एकूण जाडी दुप्पट केली, तर ताठपणा साधारण सातपट होतो, वजन नाममात्र वाढते. फक्त गाभा आणि कातडी यांची जोडणी सुटता कामा नये. सुटली की उरतात दोन लवलवते पापुद्रे.

याचे आपल्या बाजूचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे ‘म्हादेई’ ही शिडाची नाव. सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णीला राहणारे निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचा ध्यास होता की एखाद्या भारतीयाने शिडाच्या नावेतून, एकट्याने, पृथ्वीप्रदक्षिणा करावी. नौदलाने कमांडर दिलीप दोंदे यांना निवडले. नाव परदेशातून विकत आणता आली असती. ती गोव्यात बांधायचे ठरले, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या अॅक्वेरियस फायबरग्लास या छोट्या यार्डात. आराखडा डच, व्हॅन डी स्टाट यांचा ‘टोंगा ५६’. लांबी ५६ फूट. आणि दोंदे स्वतः बांधकामावर हजर, म्हणजे जो समुद्रात जाणार तोच यार्डात धूळ खात उभा. गुणवत्ता नियंत्रणाची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

‘म्हादेई’चे अंग पोलादाचे नाही, निव्वळ फायबरचेही नाही. सीडर लाकडाच्या पट्ट्या एकीला एक चिकटवून नावेचा आकार घडवला आणि त्यावर काचेचे कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून चढवले. लाकूड हा गाभा, काच ही कातडी. रेझिन इपॉक्सी का? पॉलिएस्टर घट्ट होताना आकारमानाने सात टक्क्यांच्या आसपास आकसते आणि लाकडाला मनापासून धरत नाही. इपॉक्सी आकसते त्याच्या बरेच कमी आणि लाकडाशी त्याचे चांगले जमते. आताच म्हटले तसे, जोड सुटला तर सगळे व्यर्थ. दक्षिण महासागरात लाट नावेच्या नाकावर आपटते तो मार दिवसातून एकदा नसतो. प्रत्येक आपटीत बाहेरचे कातडे दबते, आतले ताणले जाते, आणि मधल्या लाकडावर कातरणारा ताण येतो. हे महिनोनमहिने.

१२ फेब्रुवारी २००९ ला नाव नौदलाच्या ताब्यात आली. १९ ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, केप हॉर्नला वळसा, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन असे चार मुक्काम करत मे २०१० मध्ये मुंबईला परतले. एकट्याने शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. त्याच नावेतून १ नोव्हेंबर २०१२ ला अभिलाष टॉमी निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला मुंबईत परत आले. पुढे ‘म्हादेई’ची धाकटी बहीण ‘तारिणी’ त्याच यार्डात बांधली गेली, आणि २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून जग पालथे घातले. मोठ्या कारखान्याचे नाव नाही, यंत्रमानव नाहीत, बेटावरची एक शेड आणि हाताने काम करणारी गोव्याची माणसे. हाताने केलेले फायबर म्हणजे दुय्यम, असे जे सर्रास बोलले जाते त्याला हे उत्तर पुरे आहे. त्याच गोव्यात २०१६ मध्ये किनेको या कंपनीने युद्धनौकेच्या नाकाखाली बसणारा सोनार डोम संमिश्र पदार्थात बनवून दिला. त्याचा आराखडा पुण्याच्या दिघीतल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचा. तिथे नुसती ताकद पुरत नाही, ध्वनिलहरीही अडता कामा नयेत, आणि धातूपेक्षा फायबर त्या कामाला बरे.

पण हात चांगला असेल तर. आता थोडे हाताविषयी.

गाळ्यातले काम कसे चालते बघा. साच्याला मेण घासायचे, जेलकोट म्हणजे बाहेरचा चकचकीत थर मारायचा, मग मॅट, त्यावर ब्रशने रेझिन, त्यावरून खाचांचा लोखंडी रोलर, पुन्हा मॅट. रेझिनमध्ये ते लवकर घट्ट व्हावे म्हणून आधीच कोबाल्ट मिसळलेले असते, ऐन वेळी हार्डनर घालायचा, शंभराला एक-दोन. (कोबाल्ट आणि हार्डनर हे दोघे एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, स्फोट होतो. इथे कुणी हौशी मंडळी असतील तर भाषणातले बाकी विसरा, हे लक्षात ठेवा.) हार्डनर टाकला की घड्याळ सुरू. मे महिन्यात रेझिन पंधरा मिनिटांत जेलीसारखे होते, जानेवारीच्या सकाळी तेवढ्याच मात्रेला अर्धा-पाऊण तास लागतो. कारागीर मात्रा डोळ्यांनी ठरवतो. कमी पडली तर माल कच्चा राहतो, पावसाळ्यात मॅट ओलसर असली तर रेझिन तंतूंना नीट भिजवत नाही. आणि रोलर घाईने फिरवला तर हवा आत अडकते. हवेचा प्रत्येक टक्का थरांमधली पकड साधारण सात टक्क्यांनी कमी करतो. हे बाहेरून दिसत नाही. बाहेर जेलकोटचा आरसा चमकत असतो.

आणखी एक गोष्ट चमकेआड लपते, ती म्हणजे खडूची भुकटी. रेझिन महाग, भुकटी स्वस्त, आणि भुकटीने माल जड व टणक लागतो, हाताला ‘मजबूत’ वाटतो. ताकद मात्र काचेची असते, भुकटीची नव्हे. शोधायची रीत सोपी आहे. वस्तूच्या कडेचा नखाएवढा तुकडा वजन करून साडेपाचशे-सहाशे अंशांच्या भट्टीत ठेवायचा. रेझिन जळून जाते, पांढरी काच उरते, थर उचलून मोजता येतात. किती मॅट, किती रोविंग, सगळा कबुलीजबाब. राखेवर पातळ अॅसिडचा थेंब टाकला आणि फसफसले, तर भुकटी होती. लाखांच्या टाकीची ऑर्डर देणारा माणूस या चाचणीवर काही हजार खर्च करायला तयार नसतो, याचे मला अजून नवल वाटते.

हातावर विश्वास किती ठेवायचा, याचा आकडा मानकांनी देऊन टाकला आहे. मघाचेच बीएस ४९९४ घ्या. टाकी जितक्या ताणाला तुटेल त्याच्या फार तर आठव्या हिश्श्यावर ती वापरायची, असा त्याचा नियम होता. आठ हा किमान भाजक, प्रत्यक्षात तो जास्तच होई. तो काढताना तीनपासून सुरुवात करायची आणि त्याला एकेका शंकेने गुणत जायचे: किती तापमान, किती आवर्तने, किती रसायन. त्यातली पहिली शंका वस्तू कशी बनवली याची. हाताने थर चढवले असतील तर दीडने गुणा, हातात गन धरून फवारले असतील तर तीनने. पोलादाच्या हिशेबात वेल्डरवर शंका घेतात, पण पत्र्यावर नाही. इथे पत्राच माणूस आहे.

काळाचे काय? काचेला सततचा भार आवडत नाही. ओलाव्यात तर मुळीच नाही. पाणी ग्रिफिथच्या चिरांच्या टोकाशी पोचते आणि त्या हळूहळू वाढवते. आज एका झटक्यात जेवढे पेलते तेवढे वर्षभर टांगून ठेवले तर पेलणार नाही. फिरत्या वस्तूंची तऱ्हा आणखी वेगळी. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची पाती काचतंतूंची आहेत. मोठे पाते वीस वर्षांत दहा कोटींहून अधिक वेळा फिरते आणि दर फेरीत त्याचे स्वतःचे वजन त्याला एकदा इकडे, एकदा तिकडे वाकवते. पुण्याच्या सुझलॉनच्या अमेरिकेतल्या काही पात्यांना भेगा आढळल्या, तेव्हा २००८ मध्ये कंपनीने १,२५१ पाती मजबूत करण्याचा कार्यक्रम जाहीर केला होता. पाती बदलली नाहीत, त्यांच्यावर आणखी थर चढवायचे ठरवले, हे मला जास्त बोलके वाटते.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने १९५० च्या दशकात चाळीस फुटी फायबर नावा घेतल्या. त्यातल्या एकीच्या अंगाचे तुकडे दहा वर्षांनी आणि पुन्हा वीस वर्षांनी कापून यंत्रात तोडले गेले. ताकद जवळपास जशीच्या तशी होती. टेकडीवरच्या घराचा पत्रा मात्र पाच-सात वर्षांत पिवळा पडतो, वरचे रेझिन उन्हाने झिजून तंतू उघडे पडतात आणि हात लावला की खाज सुटते. दोन्ही फायबर. एकीला जाडी होती, रंग होता, हिशेब होता. दुसरा दीड मिलिमीटरचा, किलोच्या भावाने घेतलेला.

कुणी विचारेल, जुनी नाव घ्यायची तर बघायचे काय? नाणे घ्या आणि अंगभर टकटक करत जा. भरीव आवाज येत असताना मध्येच बद्द वाजले, तर तिथे थर सुटले आहेत. पाण्याखालच्या भागावर फोड असतील तर एक फोडून वास घ्या. आंबट उग्र वास आला तर पाणी रेझिनमध्ये शिरले आहे. दुरुस्ती अवघड नाही, मात्र भोकावर ठिगळ मारू नका. भोवतालची कड जाडीच्या बारापट लांबीपर्यंत उतरती घासायची, म्हणजे पाच मिलिमीटरच्या अंगाला सहा सेंटीमीटर उतार, आणि त्या उतारावर लहान-मोठे थर क्रमाने बसवायचे. वर्सोव्याला, मढला बोटींवर हे काम करणारी मुले आहेत. त्यांना बारा हा आकडा कुणी शिकवलेला नसतो, पण ग्राइंडर कुठे थांबवायचा हे त्यांना कळते. त्यांच्यापैकी कुणी हार्डनर मोजून घालताना दिसला, तर काम त्याला द्या.